सायकल स्टँडखालचं पाणी

सतरा जानेवारी. चौदा शिफारसपत्रं लिहायची होती. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि संध्याकाळी पाचला संस्थेचं पोर्टल बंद होणार होतं. अर्ज भरायला मुलांना महिनाभर मिळतो. त्यातले एकोणतीस दिवस ती ‘बघू’ म्हणतात आणि तिसाव्या दिवशी माझ्या टेबलाभोवती उभी राहून अशी बघतात, जणू उशीर मीच केलाय.

हिंगोलीतल्या एका कॉलेजात मी बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे, विभागप्रमुखही मीच. त्याशिवाय माझ्याकडे एक जादा काम आहे. ते मी मागितलं नव्हतं. एका बैठकीला दहा मिनिटं उशिरा पोचले, तेवढ्यात ते माझ्या नावावर झालं होतं. कामाचं नाव ‘उन्हाळी संशोधन समन्वयक’.

हे काय असतं ते सांगते. मोठ्या शहरांतल्या संशोधन संस्था मे-जूनमध्ये बी.एस्सी.च्या मुलांना दोन महिने आपल्या प्रयोगशाळेत बोलावतात. राहायची सोय होते, थोडं विद्यावेतन मिळतं आणि एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली खरं काम करायला मिळतं. मुलानं अर्ज करायचा, ‘मला संशोधन का करायचं आहे’ यावर एक पान लिहायचं, आणि त्याला ओळखणाऱ्या शिक्षकानं एक पत्र द्यायचं. अर्ज ढिगानं येतात, जागा मोजक्या असतात.

आमच्या भागात हे पटवून देणं सोपं नाही. एक वडील मला म्हणाले होते, ‘सुट्टीत शिकायला बोलावतात आन वरून पैसे देतात? मॅडम, असल्या फोनापासून सावध राहा म्हणून पोलिसांनी आमच्या गावात सभा घेतली.’ एका हुशार मुलानं विचारलं, ‘तिथं प्रयोग जमला नाही तर नापास करतात का?’ मी म्हटलं, ‘नाही. जमला नाही असं लिहायचं.’ ‘आणि ते चालतं?’ ‘चालतं.’ त्यानं दोन दिवस विचार केला आणि अर्ज केला नाही. असल्या ठिकाणाचा भरवसा वाटत नाही म्हणाला.

ते एक पान तर मला पाठ झालंय. ‘लहानपणापासूनच मला संशोधनाची आवड आहे’ असं सगळे लिहितात. लहानपणी यांनी काय संशोधन केलं ते यांच्या आयांना विचारावं. फक्त कुरुंद्याच्या एका मुलानं एकदा लिहिलं होतं, ‘आमच्या घरी दुपारी लाईट नसते. तिथं दोन महिने एसीत बसून वाचायला मिळेल असं कळलं.’ मी त्याला ते खोडायला लावलं आणि लहानपणापासूनची आवड घालायला लावली. त्याची निवड झाली नाही. त्याचं मूळ वाक्य राहू दिलं असतं तर झाली असती की नाही, सांगता येत नाही. पण ते वाक्य मी का खोडायला लावलं, हेही मला आता सांगता येत नाही.

माझी पत्रंही काही वेगळी नव्हती. आमच्याकडे शिफारसपत्र म्हणजे चारित्र्याचा दाखला. माझ्या संगणकात अनिता नावाच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं पत्र होतं. त्यातलं नाव बदलायचं की पत्र तयार. मग मागच्या वर्षी निवड समितीतल्या एका शास्त्रज्ञांचा फोन आला.

‘मॅडम, तुमच्याकडून सहा पत्रं आली आहेत. सहाही जण कष्टाळू, प्रामाणिक आणि उत्तम चारित्र्याचे आहेत.’

‘हो, आहेतच,’ मी म्हटलं.

‘असतील. पण सहावा संदीप आहे, आणि पहिली ओळ सोडली तर पत्रभर तुम्ही त्याला मुलगी केलंय.’

ते भले गृहस्थ होते, हसले नाहीत. म्हणाले, ‘आम्हाला दाखला नको आहे. त्या मुलाबद्दल खरी असेल आणि दुसऱ्या कुणाबद्दल नसेल, अशी एक तरी गोष्ट लिहीत जा.’

म्हणून त्या सतरा जानेवारीला मी प्रत्येकाला समोर बसवून विचारत होते, ‘तुझ्याबद्दलची एक खरी गोष्ट सांग.’ एक म्हणाला, ‘मी मिरवणुकीत ढोल वाजवतो.’ एक म्हणाली, ‘मी रोज पहाटे साडेचारला उठते.’ ‘अभ्यासाला?’ ‘म्हशीला.’ म्हैस लिहिली. साडेचारला उठून धार काढणारी मुलगी प्रयोगशाळेत वेळेवर येईल, एवढं कुठल्याही शास्त्रज्ञाला कळावं.

दोन वाजता शेवटची राहिली सुरेखा राठोड. दुसरं वर्ष. नरसीच्या पुढच्या एका तांड्यावरून एसटीनं येते. तिचं पान मी वाचलं. लिहिलं होतं: ‘आमच्या तांड्यावर दोन हातपंप आहेत. एकाच्या पाण्यात तुरीची डाळ शिजते, दुसऱ्याच्या पाण्यात शिजत नाही. आई म्हणते, पंपच तसा आहे. मला खरं कारण मोजून बघायचं आहे.’

बाकी काही नाही. लहानपण नाही, आवड नाही. मी दोनदा वाचलं.

‘तुझ्याबद्दल काय लिहू?’

‘लिहा हट्टी हाय म्हणून. परीक्षेत तुमीच म्हनला होता.’

मग मी तिची गुणपत्रिका बघितली. संस्थेला साठ टक्के लागतात. हिला साठला दोन गुण कमी. खाली बारीक अक्षरात सूचना होती: गुण कमी असल्यास शिफारस करणाऱ्या शिक्षकानं कारण द्यावं. ही योजना फक्त दुसऱ्या वर्षासाठी, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करायची सोय नाही.

‘दोन गुण कुठं गेले गं?’

सुरेखा शांतपणे म्हणाली, ‘प्रॅक्टिकलला तुमी तीन कापले, मॅडम.’

आता तो प्रयोग सांगावा लागेल. पाण्याची कठीणता मोजायची असते. काचेच्या एका लांब नळीत, म्हणजे ब्युरेटमध्ये, एक द्रावण असतं. ते खालच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं. पाण्यात एक रंगद्रव्य टाकलेलं असतं, त्याचा लालसर रंग एका थेंबाला निळा होतो. तिथं थांबायचं आणि किती मिलिलिटर द्रावण लागलं ते नळीवर वाचायचं, त्या आकड्याला वाचन म्हणतात. पाणी जितकं कठीण, तितकं द्रावण जास्त. तीनदा करायचं. आमच्या कॉलेजात तीनदा केलं की दहा पॉइंट दोन, दहा पॉइंट दोन, दहा पॉइंट दोन येतं. वर्षानुवर्षं. वरच्या वर्गातल्या मुलाची प्रयोगवही खालच्या वर्गातल्या मुलाकडे जाते, तिच्याबरोबर दहा पॉइंट दोनही जातं. पोरं थेंब सोडतात, रंग बघतात, वा वा म्हणतात आणि वहीत दहा पॉइंट दोन लिहितात.

सुरेखाचं चौदा पॉइंट सहा आलं होतं. मी म्हटलं, पुन्हा कर. पुन्हा चौदा पॉइंट सहा. आमचे प्रयोगशाळेचे परिचर गंगाधरमामा तिच्या कानाशी जाऊन म्हणाले, ‘दहा पॉइंट दोन लिही की बाई, काहून जिवाला तरास करून राहिली.’ ती म्हणाली, ‘मामा, चौदाच्या पुढं रंग बदलून राहिला तर दहा कसं लिहू?’ परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते, त्यांची परतीची गाडी होती. मी ‘हट्टी आहेस’ म्हटलं आणि तीन गुण कापले.

‘मॅडम, एक विचारू?’ आता माझ्यासमोर उभी राहून सुरेखा म्हणाली. ‘ते दहा पॉइंट दोन कोनत्या पान्याचं हाय?’

‘कॉलेजच्या पाण्याचं. मी इथं आले त्या वर्षी मी स्वतः काढलंय ते. फळ्यावर लिहून दिलं होतं.’

‘कोनत्या नळाचं?’

‘नळ कुठला तेव्हा! मागच्या विहिरीचं.’

मागं कपाट पुसत असलेले गंगाधरमामा थांबले. ‘मॅडम, ती विहीर बुजवून आठ वर्षं झाली. तिच्यावर सायकल स्टँड हाय. आता बोअरचं पानी येतं.’

खिडकीतून सायकल स्टँड दिसत होता. पत्रे निळे आहेत. त्याच्या खाली बुजलेल्या विहिरीचं पाणी माझे विद्यार्थी आठ वर्षं अचूक मोजत होते, आणि मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देत होते.

मी पत्र लिहायला घेतलं. कारण द्यायचं होतं, दिलं. ‘या विद्यार्थिनीचे गुण कमी असण्याचं कारण मी आहे. सगळा वर्ग बुजवलेल्या विहिरीचं वाचन लिहीत असताना हिनं समोरच्या पाण्याचं लिहिलं. मी तिचे तीन गुण कापले. तिचं वाचन बरोबर होतं. तिच्यावर दबाव आणून बघितला, तिनं आकडा बदलला नाही. काचसामान मात्र फोडते. फोडलं की स्वतः येऊन सांगते.’

पत्रावर प्राचार्यांची सही आणि शिक्का लागतो. सव्वातीनला आम्ही दोघी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. प्राचार्य सरांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

‘मॅडम, विभागप्रमुखानं स्वतःविरुद्ध असं लिहितात होय?’

‘कारण विचारलंय, सर.’

‘कारण सोपं असतं हो. परीक्षेच्या वेळी आजारी होती, असं लिहा. भागलं.’

‘मी आजारी नव्हते, सर,’ सुरेखा म्हणाली.

‘तू बोलू नकोस, तुझंच काम करून राहिलोय.’ मग माझ्याकडे वळून, ‘उद्या मूल्यांकनाची समिती आली आणि कुणी हे वाचलं तर? बुजवलेली विहीर म्हणे! तो स्टँड माझ्या काळात झालाय, मॅडम. समितीला पहिल्यांदा तोच दाखवतो मी.’

‘स्टँड चांगलाच आहे, सर. विहिरीबद्दल चाललंय.’

‘आजारी लिहा. मी लगेच सही करतो.’

मी घड्याळ बघितलं. तीन पंचवीस. खरं सांगायचं तर माझा हात पेनकडे गेला होता. ‘आजारी’ लिहिलं असतं तर काम झालं असतं, आणि बावीस वर्षांत मी याहून मोठ्या गोष्टी कागदावर आजारी पाडलेल्या आहेत.

तेवढ्यात सरांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि सुरेखा म्हणाली, ‘सर, हे बी तेच पानी हाय. चौदा पॉइंट सहा.’

सरांचा पेला मध्येच थांबला. ‘म्हणजे?’

‘कठीण. पयल्या विहिरीच्या पान्यापेक्षा जवळजवळ दीडपट.’

इथं वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या प्राचार्यांना दोनदा मुतखडा झालाय. दुसऱ्या वेळी ते नांदेडला चार दिवस दवाखान्यात होते आणि त्या चार दिवसांचं वर्णन त्यांनी स्टाफरूममध्ये पुढची दोन वर्षं केलं.

‘कधीपासून?’ त्यांनी विचारलं.

‘विहीर बुजवल्यापासून, सर,’ मी म्हटलं.

‘आणि माझा पहिला खडा...’ ते बोटांवर वर्षं मोजायला लागले.

कठीण पाण्यानंच मुतखडा होतो असं विज्ञान काही ठामपणे म्हणत नाही. मला ते माहीत होतं. त्या क्षणी मी बोलले नाही. सुरेखानं तोंड उघडलं, तिच्या पायावर मी पाय ठेवला.

सरांनी पेला लांब सरकवला. ‘किती वेळा मोजलं म्हणालीस?’

‘तीनदा. परीक्षेनंतर अजून दोनदा. मामांनी चावी दिली होती.’

‘आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही!’ असं म्हणून त्यांनी सही केली. शिक्का इतक्या जोरात मारला की तो मागच्या पानावर उमटला.

बाकीची तेरा पत्रं पोर्टलवर चढवून झाली, सुरेखाचं तेवढं राहिलं आणि पावणेपाचला लाईट गेली. हे आमच्याकडे धरूनच चालायचं असतं. सुरेखानं व्हरांड्यातल्या उजेडात पत्र कठड्यावर ठेवलं, मामांनी वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी दाबून धरलं, मी माझ्या फोनवर फोटो काढून पाठवला. फोटोत मामांचे दोन अंगठे आले आहेत. पाचला आठ मिनिटं कमी होती.

त्या आठवड्यात मी वर्गात सगळं सांगितलं. फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहून ठेवलेलं दहा पॉइंट दोन पुसलं. आकडा समोरच्या पाण्यातून काढायचा, वहीतून नाही, असं अर्धा तास बोलले. मुलं इतकं लक्ष देऊन ऐकत होती की मला बरं वाटलं. प्राचार्य सरांनी स्वतःच्या केबिनमध्ये पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवून घेतलं. एवढी प्रगती झाली.

मार्चमध्ये एका दुपारी बारा वाजता त्या शास्त्रज्ञांचा फोन आला. ‘तुमची राठोड आम्ही घेतली. तिचं पान आणि तुमचं पत्र समितीत सगळ्यांनी वाचलं. ते अंगठे कुणाचे आहेत?’

मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, ‘बरं, आता तुमची मुलं वहीत किती लिहितात?’

‘आता समोरच्या पाण्याचं लिहितात,’ मी ठणकावून म्हटलं.

सुरेखाचे वडील रामधनभाऊ त्या दिवशी हळद विकायला हिंगोलीच्या मोंढ्यात आलेच होते. तिनं फोन केला, ते तसेच आले. हाताला, सदऱ्याला, मिशीलाही हळद लागलेली. खुर्चीवर बसेनात, पिवळी होईल म्हणाले. पोरीनं ठिकाण, दिवस, काम सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन मला म्हणाले, ‘पानीच मोजायचं तर इतक्या लांब काहून? आमच्याकडं पानी न्हाई का?’

‘मोजायची यंत्रं तिकडं आहेत, भाऊ.’

‘हळदीचं कोन बघंल? शिजली का न्हाई ते हीच सांगती. काडी टोचून बघती. तिनं हो म्हनल्याबिगर आमी कढई उतरवत न्हाई.’

‘मे महिन्यात हळद कढईत असते का?’

‘न्हाई. पन वाळल्यावर घासून पॉलिश करायचं राहतं.’

‘पॉलिश तुम्ही करा.’

‘तुमची पोरगी असती तर पाठवली असती का मॅडम? खरं सांगा.’

‘माझी पोरगी कॉमर्सला आहे. चहाला किती पाणी ठेवायचं तेही तिला मोजता येत नाही. तिला कोण बोलावतंय?’

रामधनभाऊ मोठ्यानं हसले. मग पोरीकडे बघितलं. ती हसत नव्हती. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती.

‘मी सोडायला येतो,’ ते शेवटी म्हणाले. ‘तिथलं पानी पिऊन बघतो. बराबर वाटलं तर राहू दे.’

(मे महिन्यातलं इथंच सांगून टाकते. ते गेले, पाणी प्यायले, आणि संस्थेच्या फाटकातून मला फोन केला: ‘मॅडम, पान्याला काही चवच न्हाई. पन डाळ शिजंल. ठेवून येऊन राहिलो.’)

बापलेक गेल्यावर मी त्याच समाधानात टेबलावरचा वह्यांचा गठ्ठा पुढं ओढला. दुसऱ्या तुकडीनं पाण्याचा तोच प्रयोग त्या आठवड्यात केला होता. पहिली वही उघडली: चौदा पॉइंट सहा, चौदा पॉइंट सहा, चौदा पॉइंट सहा. दुसरी: तेच. पाचवी, अकरावी, विसावी: तेच. एकानं तर चौदा पॉइंट सहाभोवती लाल पेनानं चौकट केली होती.

‘मामा,’ मी हाक मारली, ‘हे सगळ्यांचं चौदा पॉइंट सहाच कसं?’

‘आता तेच बराबर हाय ना, मॅडम? तुमीच सांगितलं. सुरेखाची वही सगळीकडं फिरून राहिली. झेरॉक्सवाल्यानं तर तिचं ते पान काढूनच ठेवलंय.’

‘नळाला बोअरचंच पाणी आहे ना?’

मामांनी खिडकीबाहेर बघितलं. ‘बोअर तर कोरडा पडला, मॅडम. दहा दिवस झाले, टँकर येऊन राहिला.’

मी वह्या मिटल्या. त्या संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर निरोप टाकला: उद्या प्रत्येकानं आपापल्या घरून एक बाटली पाणी आणायचं, बाटलीवर नाव आणि गाव लिहायचं, नाहीतर दारातून परत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी प्रयोगशाळा उघडली. माझ्या घरच्या नळाची बाटली टेबलावर ठेवली, ब्युरेट धुतला आणि बऱ्याच वर्षांनी स्वतःच्या हातानं वाचन घ्यायला बसले. पहिल्यांदा रंगाच्या पुढं गेले, हात बसला नव्हता. नंतर तीनदा नीट आलं. बाहेर बाटल्यांचा खडखडाट ऐकू यायला लागला, कुणीतरी दारातूनच विचारलं, ‘मॅडम, तुमचं किती आलं?’ मी आकडा वहीत लिहिला, वही कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.